निळ्या बाईचा भाव

भिंगारला मला खोली मिळाली ती माझ्या बहिणीच्या सासरामुळे. तिच्या सासरच्यांनी काही खटपट केली असं नव्हे. त्यांना भिंगारात कुणी ओळखतही नव्हतं. मी तिथल्या मुलींच्या एका शाळेत नुकतीच लागले होते. आईला घेऊन राहायचं होतं. बाजारपेठेमागच्या गल्लीत एका घराच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत असं कळलं म्हणून बघायला गेले, तर घरमालक ओट्यावर बसून डब्यात खळ ढवळत होते. त्यांनी माझी जात विचारली नाही, पगार विचारला नाही, लग्न का नाही झालं हेही विचारलं नाही. नातेवाईक कुठे कुठे असतात एवढंच विचारलं. मी म्हटलं, मोठी बहीण काष्टीला दिलीय.

त्यांचा हात थांबला. "काष्टी म्हणजे आपली श्रीगोंद्याची?"

मी हो म्हटलं. तिच्याकडे जाणंयेणं असतं का, हा पुढचा प्रश्न. महिन्या-दोन महिन्यांनी जाते म्हटल्यावर त्यांनी आत वळून बायकोला हाक मारली आणि सांगितलं, "किल्ली दे बाईंना."

यातली मेख मला पहिल्या सुट्टीत कळली. मी काष्टीला जायला निघाले तर मालक अंगणात तयार. पांढरा सदरा, काळी टोपी आणि दोन्ही काखेत पत्र्याची दोन लांबलचक नळकांडी. लोहाराकडून मुद्दाम करून घेतलेली, झाकणासकट. त्यातलं एक त्यांनी माझ्या हातात दिलं. बाईमाणसाच्या हातातल्या वस्तूला गाडीत कुणी धक्का देत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. दौंडकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये ते नळकांडं मांडीवर आडवं धरून मी काष्टीपर्यंत बसले. आत काय आहे हे त्यांनी सांगितलं नाही आणि नवी भाडेकरू म्हणून मलाही विचारवलं नाही.

आत सिनेमाची जुनी पोस्टरं होती.

मालकांचं पेठेत तसबिरींना चौकटी करायचं दुकान होतं. अख्खं भिंगार त्यांना फ्रेमवाले म्हणायचं. काच कापावी, लाकडी पट्ट्या जुळवाव्यात, मागून पुठ्ठा ठोकावा, हा त्यांचा धंदा. पोस्टरांचा नाद कसा लागला हे त्यांनी एकदा मला गाडीतच सांगितलं. "बाई, माझ्या दुकानातून भिंतीवर दोनच प्रकारची माणसं जातात. एक देव, नाहीतर मेलेली. वीस-पंचवीस वर्षांचा होतो तेव्हा एका तंबूवाल्या टॉकीजनं उधारीच्या बदल्यात पोस्टरांचा गठ्ठा टाकला दुकानात. उघडून बघतो तर काय, ही माणसं देव पण नाहीत आणि मेलेली पण नाहीत. मला लई बरं वाटलं."

आणि या माणसाने जन्मात एकही सिनेमा बघितला नव्हता. सवडच मिळाली नाही अशातला भाग नव्हता, त्यांनी तसं ठरवलेलंच होतं. पोस्टरावरची बाई दाराशी उभी राहून कुणाची तरी वाट बघते. सिनेमा बघितला की तो कोण, आला की नाही, सगळं कळतं, मग तिच्याकडे पुन्हा कशाला बघायचं, असा त्यांचा सवाल. त्यामुळे सिनेमांची नावंही ते घेत नसत. पोस्टरांना त्यांनी स्वतःची नावं ठेवली होती. घोडेवाला. दोघी बहिणी. टांगा. रडका. आणि सगळ्यांत वरचा मान निळ्या बाईला. निळ्या लुगड्यातली, निळसर चेहऱ्याची, हातात विझलेला कंदील धरलेली ती बाई मी पुढे इतक्यांदा बघितली, की शाळेतल्या एखाद्या मुलीपेक्षा तिचा चेहरा मला जास्त पाठ होता.

काकू म्हणजे त्यांच्या पत्नी, शेजारणींबरोबर कधीमधी सिनेमाला जात. एकदा परत आल्यावर त्या सहज सांगू लागल्या, की अहो, तुमचा तो घोडेवाला आहे ना, तो खरं तर... एवढ्यावर मालकांनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि चपला न घालता घराबाहेर पडले. जेवायच्या वेळेपर्यंत देवळात बसून राहिले. तेव्हापासून काकूंनी त्या गोष्टी मनातच ठेवल्या. "मला सगळ्यांचं काय झालं ते माहीत आहे," त्या माझ्या आईला म्हणायच्या, "पण बोलायची सोय नाही."

काकूंची पलंगाबद्दलची तक्रार मात्र बोलून दाखवण्यासारखी होती. पोस्टरं गुंडाळून ठेवली की मोडतात, म्हणून ती सपाट ठेवायची. सपाट ठेवायला घरात जागा एकच, पलंगाखाली. थर वाढत गेला तसा पलंगाच्या पायांखाली विटा आल्या. मी राहायला गेले तेव्हा काकू रात्री स्टुलावर पाय देऊन पलंगावर चढत होत्या. थरांच्या मध्ये कडुनिंबाचा पाला आणि तंबाखूची पानं. घरात कायम एक कडवट वास. हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हाच्या सकाळी मालक सगळी पोस्टरं अंगणात ओळीनं मांडत, त्या दिवशी आम्हां भाडेकरूंना धुणं वाळत घालायची बंदी. पाण्याचा थेंब उडाला तर काय घ्या. मग अंगणभर ती सगळी रंगीत माणसं आभाळाकडे बघत पडलेली आणि मालक अनवाणी, हातात मऊ फडकं घेऊन त्यांच्यामधून फिरताहेत. आम्ही ओले कपडे पिळून बादलीत ठेवायचो आणि वाट बघायचो.

या मालाला एकेकाळी बाजार होता, यावर माझा विश्वास बसायला वेळ लागला. पण होता. भिंगारच्या लष्करातली पोरं ट्रंकेच्या झाकणाला आतून लावायला पोस्टरं न्यायची. सलूनवाले, हॉटेलवाले, तमाशाच्या फडाचे मालक न्यायचे. त्याहून वर जे होते त्यांना मालक शौकीन म्हणत. राहात्याचा एक न्हावी, मिशनच्या शाळेतले एक म्हातारे मास्तर, नगरातले एक वैद्य, आणखी कोण कोण. दिवाळीनंतर हे सगळे मालकांच्या दुकानात जमायचे, एकमेकांचा माल बघायचे, नाकं मुरडायचे, घ्यायचे, द्यायचे. काकू भज्यांचा घाणा काढायच्या. मी गेले तोवर यातलं काही उरलं नव्हतं. दुकानदार फुकट कॅलेंडरं वाटू लागले, त्यांवर गुळगुळीत छापलेल्या देव्या आणि नट्या. सलूनवाल्यांनी भिंतभर आरसे लावले. न्हाव्याने आपला माल रद्दीच्या भावाने काढला. मास्तर वारले, त्यांच्या सुनेने पोस्टरं फडताळात भांड्यांखाली अंथरली. मालक समाचाराला गेले होते, तेव्हा त्यांनी ते डोळ्यांनी बघितलं. घरी येऊन एवढंच म्हणाले, "मास्तरांची टांगेवाली कापून बसवलीय. चाक तेवढं दिसतंय डब्याखालून."

उरले काष्टीचे हॉटेलवाले.

काष्टीचा बाजार मोठा. बैलांसाठी लांबून माणसं यायची. त्या बाजाराच्या कडेला त्यांचं पत्र्याचं हॉटेल. चहा, भजी, शेव. आडवा देह, खांद्यावर पंचा, आवाज असा की भट्टीपाशी बोलले तर बैलबाजारात ऐकू जावं. आणि हॉटेलच्या भिंतींवर काचेच्या चौकटींत ओळीनं पोस्टरं. चौकटी अर्थात आमच्या मालकांनी केलेल्या.

त्या दोघांचा सौदा मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं यांचं भांडण आहे. मालकांनी नळकांड्यातून पोस्टर काढलं, ते सगळं उलगडलं नाही, वीतभर कोपरा तेवढा दाखवला. हॉटेलवाल्यांनी तिकडे न बघता भट्टीवरच्या माणसाला दूध उतू जातंय म्हणून झापलं. मग म्हणाले, "रंग उडालाय, फ्रेमवाले."

"रंग जागेवर हाय. तुमची नजर उडालीय."

"असल्या धा बाया पडल्यात माझ्याकडं."

मालकांनी शांतपणे पोस्टर परत गुंडाळायला घेतलं. हॉटेलवाल्यांनी चहा मागवला. असं दुपार उलटेपर्यंत चाले. मी मध्ये बहिणीकडे जाऊन, जेवून, भाच्यांना खेळवून परत येई, तरी दोघं तिथेच, फार तर कोपऱ्याऐवजी आता अर्धं पोस्टर उलगडलेलं. शेवटी हॉटेलवाले खांद्यावरचा पंचा काढत, दोघांच्या हातांवर टाकत आणि पंच्याखाली बोटं धरून भाव ठरे. बाजारातले बैलांचे दलाल असाच सौदा करतात, बघणाऱ्याला आकडा कळू नये म्हणून. आमच्याकडे बघणारी मी एकटी, आणि मला त्यात काही रस नव्हता. पण पंच्याखाली ती बोटं बराच वेळ हलत असायची. एक मान हलवायचा, दुसरा डोळे मिटून घ्यायचा. मग एकदम दोघंही हसायचे, आणि झालं.

तीन-चार खेपांनंतर माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मागच्या खेपेला मालकांनी निळी बाई विकली होती. या खेपेला ते तीच विकत घेऊन निघाले होते. त्याआधी टांग्याचं असंच झालं होतं. परतीच्या गाडीत मी न राहवून विचारलं, की मालक, ही बाई तर आपलीच ना? आपणच नेऊन विकायची, आपणच परत आणायची, हे काय आहे?

ते रागावले नाहीत. खिडकीबाहेर उजाड माळ होता, त्यावर त्यांची नजर. "दुसरं कोण घेणार हाय बाई? तो मला मागतो, मी नाही म्हणतो. मी मागतो, तो नाही म्हणतो. जोवर कुणीतरी मागतंय आणि कुणीतरी नाही म्हणतंय, तोवर तिला भाव हाय."

"आणि त्यांना हे माहीत आहे?"

"माझ्याआधी त्याच्या ध्यानात आलं," मालक म्हणाले.

पुढे दुष्काळ पडला. एक पाऊस गेला, मग दुसराही. भिंगारला नळ दिवसाआड यायचा, तोही करंगळीएवढा. शाळेत मुली निम्म्या. आईनं आणि मी एकाच पाण्यात भाजी धुवायची, त्यातच भांडी विसळायची आणि तेच तुळशीला घालायचं, असं चाललं होतं. या दिवसांत मालकांना पोस्टरांवर थेंब उडायची भीती उरली नव्हती, पण कोरड्या हवेने कागद कडक होऊन तडकायला लागला. ते हळहळायचे. एवढ्या मोठ्या दुष्काळात एखादा माणूस कागदासाठी हळहळतो, याचा मला खरं सांगायचं तर कंटाळा यायचा. काकूंनाही येत असावा. त्या काही बोलत नसत, स्टुलावर पाय देऊन पलंगावर चढत आणि भिंतीकडे तोंड करून पडत.

काष्टीला जाणं मात्र सुटलं नाही. बाजारात आता बैल चिक्कार आणि घेणारा कुणी नाही. माणसं आपलं जनावर दाव्याला धरून दिवसभर उन्हात उभी राहायची आणि संध्याकाळी तशीच परत न्यायची. हॉटेलात गिऱ्हाईक तुरळक. पण पंच्याखालचा सौदा तेवढाच लांबायचा, उलट जास्तच. त्याच सुमाराला निळी बाई पुन्हा एकदा काष्टीला गेली.

मग बहिणीचा निरोप आला की हॉटेलवाल्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, बोलता येतं पण जड. मालकांनी दुकान बंद केलं आणि पुढच्याच गाडीने आम्ही निघालो. नळकांडी त्यांनी रिकामीच बरोबर घेतली. मला ते विचित्र वाटलं, पण मी माझं मांडीवर धरून बसले.

हॉटेलच्या मागच्या खोलीत बाजेवर ते पडले होते. केवढा देह, पण बाजेत बुडाल्यासारखा झालेला. त्यांचा थोरला मुलगा आता गल्ल्यावर बसत होता. चांगला पोरगा. त्याने आम्हांला चहा दिला, माझ्या बहिणीच्या घरी पाण्याचं कसं काय चाललंय ते विचारलं आणि मग सरळ विषय काढला. रस्त्याच्या कामावर मुकादम, ओव्हरसियर यायला लागलेत, चार चांगली गिऱ्हाइकं मिळताहेत, तर भिंतींना चुना मारून आरसे लावायचेत. "काका, बरं झालं तुमी आला. ती सगळी चित्रं घिऊन जा. पैशाबिशाचं काय न्हाई."

मालक उठले. पुढे जाऊन त्यांनी भिंतीवरून निळी बाई उतरवली, धोतराच्या सोग्याने काचेवरची धूळ पुसली आणि चौकट घेऊन मागच्या खोलीत बाजेशी जाऊन बसले. मी दारात उभी होते.

"शेठ," ते म्हणाले, "हिचं काय म्हणता?"

हॉटेलवाल्यांनी त्यांच्याकडे बघितलं. मालकांनी उशाशी पडलेला पंचा उचलला, त्यांच्या डाव्या, चांगल्या हातावर टाकला आणि आपला हात खाली घातला. पंचा जरासा हलला. मला कळलं, मालकांनी एक भाव सांगितला होता. ते थांबले. पुन्हा सांगितला.

हॉटेलवाल्यांनी हात हळूच बाहेर काढून घेतला आणि पोटावर ठेवला. "आता न्हाई," ते म्हणाले. शब्द एकेक करून येत होते. "न्या तशीच. दमलो वो, फ्रेमवाले."

"तशी कशी न्यायची?"

"न्या."

मुलगा दोनदा येऊन गेला, सगळ्या चौकटी बांधून देऊ का म्हणाला. बाजारातलं एखादं जनावर ओरडत होतं. शेवटी मालक उठले. चौकट घेऊन बाहेर आले आणि तिच्या खिळ्याला परत लावली, सरळ आहे की नाही ते मागे सरून बघितलं. मुलाला म्हणाले, "गिऱ्हाईक आलं तर दे. फुकट देऊ नको कुणाला."

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी माझं नळकांडं उचललं.

परतीच्या गाडीतही दोन्ही नळकांडी रिकामीच होती. मालक समोरच्या बाकावर बसले होते. सारोळ्याच्या आसपास त्यांनी मला विचारलं, तुमच्या बहिणीच्या विहिरीला पाणी आहे का, मुलं काय करतात, सासू कशी आहे. इतक्या खेपांत बहिणीची चौकशी त्यांनी पहिल्यांदाच केली. मी सगळं सांगितलं. त्यातलं त्यांनी किती ऐकलं, कोण जाणे.

हॉटेलवाले त्यानंतर थोडेच दिवस राहिले. पुढे मी बहिणीकडे एकटीच गेले तेव्हा हॉटेलच्या भिंती पांढऱ्याशुभ्र होत्या, आरसेही आले होते. बहीण म्हणाली, पोस्टरं त्या पोराने काही दिवस तशीच ठेवली होती, पण कुणी विचारलं नाही. मग काचा आणि पट्ट्या विकल्या आणि कागद कडब्याच्या खोपीला आतून वारा अडवायला ठोकले. निळी बाई त्यातच असणार. मी परत येऊन मालकांना हे सांगितलं. सांगावं की नाही यावर मी वाटभर विचार केला होता. ते काच कापत होते. त्यांनी "बरं" म्हटलं आणि काचेवरची रेघ पुरी केली.

पण त्या हिवाळ्यात अंगणात ऊन द्यायला पोस्टरं आली नाहीत. आम्ही खुशाल धुणं वाळत घालत होतो. पाला बदलला गेला नाही. मालक दुकानात उशिरा जायचे, लवकर परत यायचे, ओट्यावर बसून राहायचे. जेवण ताटात टाकायचे. काकूंनी आधी लक्ष दिलं नाही, मग त्यांना घोर लागला. एक दिवस त्यांनी आईला आणि मला विचारलं, काष्टीला नेमकं झालं काय? हे काहीच सांगत नाहीत. मी त्यांना पंचा, हात आणि हॉटेलवाले काय म्हणाले ते सगळं सांगितलं. "एवढंच ना," काकू म्हणाल्या आणि उठून गेल्या.

पुढच्या रविवारी दुपारी मी मागच्या दारात वह्या तपासत बसले होते. मधलं दार उघडं होतं. आतून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. काकूंनी पलंगाखालून एक थर बाहेर ओढला होता आणि फरशीवर बसून त्या एकेक पोस्टर उलटत होत्या. मालक उंबऱ्यात येऊन उभे राहिले. काकूंनी एक बाजूला काढलं. झोपाळ्यावर बसलेल्या दोन मुली आणि मागे झाडाआड मिशीवाला माणूस, असं काहीतरी होतं ते.

"हे कितीला?" काकूंनी विचारलं.

"तुला काय करायचंय?"

"स्वयंपाकघरात लावायचंय. कितीला ते सांगा."

"घरचंच आहे. घे की."

"फुकट नको," काकू म्हणाल्या.

मालक काकूंकडे बघत राहिले. मला वाटलं आता हे चपला न घालता निघून जाणार. पण ते आत आले, गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले, पोस्टराचा कोपरा चिमटीत धरून उजेडाकडे केला आणि एक आकडा सांगितला. तो ऐकून माझ्या हातातली लाल पेन्सिल थांबली. महिन्याच्या किराण्याला पुरला असता.

काकूंनी पोस्टर पुढे ढकललं. मंडईत त्यांच्याशी घासाघीस करायला भाजीवाल्या घाबरत, तो आवाज त्यांनी काढला. "एवढ्याला? कोपरा बघा. वाळवीनं खाल्लाय."

"वाळवी नाही ती. घडी आहे."

"आणि मिशीवाल्याचा एक डोळा बारीक छापलाय."

"तो बघतोय चोरून. बारीकच असणार."

काकूंनी निम्म्याच्याही निम्मे सांगितले. मालकांनी पोस्टर गुंडाळायला घेतलं. काकूंनी ते धरलं. बराच वेळ चाललं. मध्ये एकदा मालकांचा आवाज खरंच चढला, आई आतून उठून बघायला आली, आणि मी तिला खुणेनं परत पाठवलं. सौदा काही जमला नाही. ऊन भिंतीवरून वर सरकलं तेव्हा काकू पदर खोचत उठल्या, म्हणाल्या, जाऊ द्या, मला नाही परवडत.

मालक तिथेच बसलेले. खिशातून त्यांनी फडकं काढलं आणि त्या झोपाळ्यावरच्या मुली पुसायला लागले. काकू स्वयंपाकघराच्या दाराशी पोचल्या, तेव्हा मान वर न करता त्यांनी सांगितलं, "बघा बुवा. उद्या हाच भाव राहील असं नाही."

इतकी वर्षं जिला 'तू' म्हणत आले तिला ते 'तुम्ही' म्हणाले होते. काकू दारात क्षणभर थांबल्या. मग त्यांनी आत जाऊन आधण ठेवलं, आणि तिथूनच त्यांचा आवाज आला, "उद्याचं उद्या. आत्ता चहा घ्या."